उभ्या झाडाचा भाव

पुएर्तो हिमेनेसच्या धावपट्टीला लागूनच गावची दफनभूमी आहे. सान होसेहून डझनभर माणसं घेऊन निघालेलं आमचं छोटं विमान डोंगररांग ओलांडून गोल्फो दुल्से या आखातावर आलं, एका अंगावर कललं आणि पांढऱ्या क्रॉसांच्या शेजारी टेकलं. दार उघडलं तशी आत आलेली हवा माझ्या चांगल्याच ओळखीची होती. दमट, कोमट, कुजल्या पानांचा आणि खाऱ्या पाण्याचा वास असलेली. पावसाळ्यात देवरुखहून रत्नागिरीला उतरताना हातखंब्याच्या पुढे अशीच हवा अंगाला लागते.

माझी धाकटी बहीण ह्यूस्टनला असते. तिच्या मुलीने आम्हा दोघी बहिणींसाठी हा मुक्काम ठरवला होता. कोस्टा रिकाच्या नैर्ऋत्येला ओसा नावाचं द्वीपकल्प आहे. एका बाजूला प्रशांत महासागर, दुसऱ्या बाजूला हे खोल, शांत आखात. त्याच्या टोकाजवळ, समुद्रकाठच्या जंगलात ‘लापा रिओस’ नावाचं लॉज आहे. राहणं, तिन्ही वेळचं खाणं, ने-आण, वाटाड्याबरोबर जंगलात फिरणं, सगळं एकाच रकमेत. ती रक्कम भाचीने आम्हाला सांगितली नाही. मी ती शोधून काढली. तिथल्या एका रात्रीच्या पैशांत आमच्या गावातल्या एखाद्या घराचा महिन्याचा खर्च सहज निघेल. तो आकडा डोक्यात घेऊनच मी जंगलात शिरले, आणि मुक्कामभर वाटेल त्याला एकच गोष्ट विचारत राहिले: हे पैसे जातात कुठे?

वनस्पतिशास्त्र शिकवण्यात माझं आयुष्य गेलं आहे, त्यामुळे झाडं बघण्याची हौस होतीच. पण हा प्रश्न हौसेचा नव्हता. तो का पडला, ते पुढे येईल.

हिमेनेसपासून लॉजकडे जाणारा रस्ता कच्चा आहे. जीप खड्डे चुकवत, मधले पऱ्हे पाण्यातूनच ओलांडत जाते. रस्त्याच्या दोन्ही अंगांना आधी जंगल दिसत नाही, गुरांची कुरणं दिसतात. पांढुरकी, उंच वशिंडाची, गळ्याखाली पोळी लोंबणारी गुरं. बहीण म्हणाली, “ताई, ही तर आपलीच!” आणि ती खरोखरच आपली आहेत. ब्राह्मण नावाची ही जात अमेरिकेत तयार झाली ती भारतातून नेलेल्या गीर, कांक्रेज, ओंगोल आणि कृष्णाकाठच्या गुरांपासून. उन्हाला आणि गोचिडांना ती पुरून उरतात, म्हणून मध्य अमेरिकेभर पसरली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोस्टा रिकाचं जंगल झपाट्याने तुटलं त्याचं एक मोठं कारण हे गोमांस. ते निर्यात होई अमेरिकेला. रान साफ केलं की जमीन सुधारली असं धरलं जाई, आणि साफ केलेल्या जमिनीवर हक्क सांगता येई. उभ्या झाडाला भाव नव्हता. पाडलेल्या झाडाला होता, आणि त्याच्या जागी उगवलेल्या गवताला त्याहून जास्त होता.

कुरणं संपली आणि झाडं दोन्ही बाजूंनी रस्त्यावर आली, तिथून लॉजची हद्द सुरू झाली.

१९९० च्या सुमारास मिनेसोटाचे जॉन आणि कॅरन लुईस हे जोडपं इथे आलं. आपलं होतं नव्हतं ते विकून त्यांनी सुमारे हजार एकर रान घेतलं आणि १९९३ मध्ये लॉज सुरू केलं. हजार एकरांत सतरा बंगले. पाहुण्यांच्या पैशावर जंगल राखायचं, हा त्यांचा हिशेब पहिल्या दिवसापासूनचा. जवळच्या कार्बोनेरा वस्तीत शाळा नव्हती. ती उभी करायला त्यांनी हात लावला. आधी शाळा कशासाठी, असं बहिणीने विचारलं. मला त्याचं उत्तर सांगावं लागलं नाही, कारण जेवणघरात आम्हाला वाढणाऱ्या मुलीनेच सांगितलं की ती त्या शाळेत शिकली.

आमचा बंगला समुद्रापासून शंभरेक मीटर उंच धारेवर होता. ताडाच्या झावळ्यांनी शाकारलेलं उंच छप्पर, गुळगुळीत लाकडी जमीन, मच्छरदाणी लावलेले दोन पलंग. बाहेरच्या बाजूला भिंत अशी नाहीच. कमरेइतका आडोसा आणि वर जाळी. काच नाही, एसी नाही, टीव्ही नाही. न्हाणीघर उघड्यावर, झाडांच्या आड. एवढे पैसे घेऊन भिंतीही देत नाहीत, हा विचार पहिल्या संध्याकाळी बहिणीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होता. रात्र झाली आणि तो गेला. ऑगस्ट महिना, म्हणजे तिथलाही पावसाळा. सकाळी लख्ख ऊन आणि दुपारनंतर धो धो सर, असा तिथला शिरस्ता. सर थांबली की छपरावरून ठिबकणारं पाणी, बेडूक, रातकिडे, खाली समुद्र, असं सगळं एकावर एक चढत जातं. आम्ही दोघी लहानपणी माजघरात झोपायचो, तेव्हा पावसाचा आवाज असाच कौलांतून खाली यायचा. भिंत असती तर हे ऐकू आलं नसतं, आणि इथे माणसं पैसे मोजतात ते हे ऐकण्यासाठीच.

पहाटे पावणेपाचच्या सुमारास हाउलर माकडं ओरडली. नर ओरडतो तेव्हा एवढ्याशा प्राण्यातून एवढा आवाज येतो यावर विश्वास बसत नाही. त्याच्या घशातलं हाड पोकळ आणि फुगीर असतं, आवाज त्यात घुमतो. बहीण दचकून उठून बसली. ओसात माकडांच्या चार जाती आहेत, कोस्टा रिकातल्या सगळ्या: हाउलर, लांब हातांचं स्पायडर, पांढऱ्या तोंडाचं कॅपुचिन आणि चिमुकलं स्क्विरल माकड. त्या सकाळी कॉफीचा कप हातात असतानाच त्यांतली दोन समोरून गेली.

आणि मग लापा आले. लापा म्हणजे स्कार्लेट मकाव. लाल अंग, पंखांवर पिवळा आणि निळा पट्टा, शेपटी शरीराहून लांब. जोडीनेच उडतात आणि उडताना सतत कर्कश बोलतात. कोस्टा रिकात एके काळी दोन्ही किनाऱ्यांवर असलेला हा पक्षी जंगलतोडीने आणि पिल्लांच्या चोरट्या व्यापाराने आटत गेला. ओसा आणि मधल्या किनाऱ्यावरचं कारारा इथेच तो धड तगून राहिला. खाली किनाऱ्यावर एका झाडावर सात-आठ लापा बसून फळं फोडत होते. सालींचा आणि कवचांचा पाऊस पडत होता. मी झाडाखाली गेले, एक पान उचललं आणि क्षणभर माझा विश्वास बसेना. आडव्या मजल्यांनी वाढणाऱ्या फांद्या, मोठी चमच्यासारखी पानं, त्यांतली काही लालभडक झालेली. हा तर आपला देशी बदाम! टर्मिनॅलिया कटाप्पा. रत्नागिरीच्या कुठल्याही शाळेच्या आवारात असतो तो. दगडाने त्याची फळं फोडून आतला गर खाल्ला नाही असं मूल आमच्याकडे सापडायचं नाही. हे झाड आशियाच्या किनाऱ्यांवरचं. माणसाने ते अमेरिकेत नेलं, आणि तिथल्या लापाने ते आपलं मानलं. आज ओसाच्या किनाऱ्यावर लापा हमखास बघायचे असतील तर बदामाखाली जाऊन उभं राहायचं.

आमचा वाटाड्या तिशीतला, जवळच्याच वस्तीतला. मी पान हातात घेऊन त्याला सांगितलं की हे झाड माझ्या गावचं आहे. तो खूश झाला आणि म्हणाला, मग चला, तुमचं आणखी कोणी भेटतं का बघू. त्याने आम्हाला एका ओढ्याच्या काठाने वर नेलं. तिथे एक झाड उभं होतं. त्याच्या खोडाला आम्ही तिघांनी हात धरून वेढा घातला असता तरी अर्धंही भरलं नसतं. चाळीस मीटरच्या वर गेलेलं, खाली जमिनीत घट्ट रुतलेलं, वरच्या फांद्यांवर ऑर्किड आणि नेच्यांची अख्खी बाग. एस्पावेल. शास्त्रीय नाव अनाकार्डियम एक्सेल्सम. म्हणजे आपल्या काजूचा थेट भाऊबंद! काजू पोर्तुगीजांनी ब्राझीलमधून आणला आणि कोकणच्या कातळावर ठेंगणा, पसरट होऊन राहिला. त्याच्या घराण्यातलं झाड असं आभाळाला भिडलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. खाली पडलेलं त्याचं फळ वाटाड्याने मला दिलं. वक्र देठ, टोकाला बारकं बी. काजूबोंडाचं ते बालरूप मी बराच वेळ हातात धरून होते.

त्या ओढ्याकाठी आम्ही सकाळ घालवली. पानं कापून ओळीने नेणाऱ्या मुंग्या पाहिल्या. ती पानं त्या खात नाहीत, जमिनीखाली त्यांच्यावर बुरशी पिकवतात आणि ती खातात. पिवळ्या छातीचा टूकान पाहिला. त्याची चोच पाहून कुणालाही आपला धनेश आठवेल. दोघांचं घराणं मात्र वेगळं. फळं खायची आणि बिया जंगलभर टाकायच्या हे एकच काम पृथ्वीच्या दोन टोकांना दोघांकडे आलं आणि दोघांना तशीच चोच फुटली. वाटाड्याने पानाखालचा एक काळा बेडूक दाखवला, पाठीवर दोन केशरी रेघा असलेला. हा विषारी बेडूक गोल्फो दुल्सेच्या परिसरात सापडतो, जगात दुसरीकडे नाही.

तो हे सगळं दाखवत होता आणि मी त्याला त्याच्या घरचं विचारत होते. त्याचे वडील ओरेरो, म्हणजे सोनं धुणारे होते. ओसाच्या नद्यांच्या वाळूत सोनं आहे. १९३० च्या दशकापासून माणसं इथे पाट्या घेऊन सोनं धूत आली. १९८० च्या दशकात आखातापलीकडच्या गोल्फितोमधून केळीच्या कंपनीने गाशा गुंडाळला, असंख्य मजूर बेकार झाले, आणि त्यांतले कितीतरी सोन्याच्या आशेने कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यानात शिरले. नद्यांचे काठ खणून निघाले, गाळाने पाणी लाल झालं, शिकार वाढली. १९८६ मध्ये सरकारने त्यांना बाहेर काढलं. भरपाईसाठी त्यांनी राजधानीत धरणं धरलं. वाटाड्याच्या वडिलांना जंगल म्हणजे आपल्याला हाकलून देणारी गोष्ट, असं पुढे अनेक वर्षं वाटत होतं. मुलगा लॉजमध्ये लागला तेव्हा ते महिनाभर त्याच्याशी बोलले नाहीत. आज ते त्याच्याकडून दुर्बीण मागून घेतात.

आपल्याकडे अभयारण्य आलं की सगळ्यात आधी काय होतं ते मला ठाऊक आहे. चांदोलीतून उठवलेली गावं आहेत, कोयनेतून उठवलेली आहेत. जंगल वाचवायचं म्हणून माणूस बाहेर काढायचा आणि बाहेर त्याच्या हाताला काही द्यायचं नाही, यातून जंगलाला शत्रू तयार होतात. कोस्टा रिकाने ती चूक केली आणि मग, मला वाटतं, ती ओळखली. २०१४ पासून कोर्कोवादोत परवानाधारक वाटाड्याशिवाय कुणालाही पाऊल टाकता येत नाही. नियम सुरक्षेचा आहे, पण त्यामुळे ओसातल्या किती घरांत चूल पेटते ते हिमेनेसच्या रस्त्यावर दिसतं. सकाळी दुर्बीण आणि तिपाईवरची स्कोप खांद्यावर टाकून निघालेली तरुण मुलं आणि मुली, दर कोपऱ्यावर.

लॉजचं जेवण चांगलं होतं. न्याहारीला गाल्यो पिंतो, म्हणजे काळा घेवडा आणि भात एकत्र परतलेला. बरोबर तळलेली केळी आणि अंडं. दुपारी आखातातला ताजा मासा लिंबाच्या रसात मुरवलेला. कोकणातल्या माणसाला याहून जास्त काही लागत नाही, म्हणून जेवणावर मी इथेच थांबते. त्याच्या मागची व्यवस्था मात्र सांगायलाच हवी. लॉजचे लोक पाहुण्यांना एक फेरी आवर्जून घडवतात: स्वयंपाकघराच्या मागे. उष्टं-खरकटं आणि भाज्यांची देठं डुकरांना जातात. डुकरांचं शेण आणि धुवणाचं पाणी टाकीत जातं. टाकीतून निघालेल्या गॅसवर कामगारांचा स्वयंपाक होतो. गोबरगॅसच तो, आमच्या गावात कितीतरी गोठ्यांमागे होता आणि सिलिंडर आल्यावर बुजवला गेला. जगातल्या श्रीमंतांना इथे समुद्राबरोबर डुकरं आणि शेणाची टाकीही दाखवतात, आणि तीही अभिमानाने. मला ते फार आवडलं. चैन म्हणजे कचरा दिसू न देणं, असं सगळीकडे मानतात. इथे तो कुठे जातो ते दाखवणं हा पाहुणचाराचा भाग आहे.

काही गोष्टी मला बोचल्याही. द्वीपकल्पाच्या मातापालो टोकाकडे परदेशी लोकांची घरं वाढत आहेत, आणि वाटाड्याच्या पिढीला समुद्राच्या बाजूला स्वतःची जमीन घेणं परवडत नाही, असं तो सांगत होता. अलिबागपासून गुहागरपर्यंत हेच चाललं आहे, त्यामुळे मला ते नवं नव्हतं. आणि हजार एकर म्हणजे ओसाच्या मानाने हाताच्या पंजाएवढं रान. एका लॉजने द्वीपकल्प वाचत नाही. द्वीपकल्प वाचलं ते त्याआधी झालेल्या गोष्टींमुळे.

त्या गोष्टींची जागा बघायला आम्ही एक दिवस काढला. काराते गावाशी रस्ता संपतो. तिथून पुढे समुद्राच्या वाळूवरून चालत कोर्कोवादोच्या ला लेओना चौकीला जायचं. डावीकडे महासागर, उजवीकडे सरळ वाळूतूनच सुरू होणारं जंगल. मधे रस्ता नाही, घर नाही, शेत नाही. आमच्या किनाऱ्यावर असं एकही ठिकाण मला आठवत नाही. पहाटे वर येऊन अंडी घालून गेलेल्या कासविणींचे माग वाळूत ताजे होते, ट्रॅक्टरच्या चाकासारखे. ऑलिव्ह रिडले. आपल्याकडे वेळासच्या किनाऱ्यावर येते तीच जात.

१९७५ मध्ये ओलोफ वेसबर्ग नावाचा स्वीडिश माणूस याच भागात पायी फिरत होता. त्याने आणि त्याच्या पत्नीने, कारेन मोगेन्सेन यांनी, दोघांनी मिळून १९६३ मध्ये देशाच्या दुसऱ्या टोकाला काबो ब्लांको हे राखीव जंगल सरकारकडून करवून घेतलं होतं. कोर्कोवादोही राखलं जावं म्हणून तो पाहणीला आला, आणि जुलैत ओसातच त्याचा खून झाला. त्यानंतर तीन महिन्यांनी, ऑक्टोबरमध्ये, राष्ट्राध्यक्ष दानिएल ओदुबेर यांनी कोर्कोवादो राष्ट्रीय उद्यान जाहीर केलं. आज ते सुमारे ४२ हजार हेक्टर आहे. कारेन पुढे जवळपास वीस वर्षं जगल्या आणि आपली जमीनही जंगलासाठी ठेवून गेल्या. वाटाड्याने हे सांगितलं तेव्हा आम्ही एका ओंडक्यावर बसून पाणी पीत होतो. बहीण इतका वेळ वाळूतल्या खेकड्यांचे फोटो काढत होती. तिने फोन आत ठेवला आणि विचारलं, त्यांचं नाव पुन्हा सांग.

उद्यान म्हणजे सरकारी जमीन. उद्यानाबाहेरचं, लोकांच्या मालकीचं जंगल कसं राखायचं, यावर कोस्टा रिकाने १९९६ मध्ये कायदा केला. त्यात दोन गोष्टी एकत्र आहेत आणि त्या एकत्र आहेत हेच महत्त्वाचं. एक, जंगल असलेल्या खाजगी जमिनीचा वापर बदलायला बंदी. दोन, ते जंगल उभं ठेवणाऱ्या मालकाला त्याबद्दल पैसे. हवेतला कार्बन धरून ठेवणं, पाणी राखणं, जीवसृष्टी आणि निसर्गसौंदर्य, या चार कामांचा मोबदला म्हणून. पैसा मुख्यतः येतो इंधनावरच्या करातून; त्याचा ३.५ टक्के भाग या कामासाठी काढून ठेवतात. म्हणजे सान होसेत कुणी गाडीत पेट्रोल भरतो तेव्हा त्यातला काही अंश कुठल्यातरी डोंगरावरच्या शेतकऱ्याला झाड न तोडल्याबद्दल पोचतो. गोमांसाचा बाजारही दरम्यान पडला होता, त्याचाही हातभार लागला. एके काळी वेगाने उघडा पडत चाललेल्या या देशाच्या निम्म्याहून जास्त भूमीवर आज पुन्हा जंगल आहे. १९४८ मध्ये यांनी सैन्यच मोडीत काढलं होतं, तेव्हा धाडसी निर्णयांची त्यांना सवय असावी.

आता मी तो प्रश्न का घेऊन आले होते ते सांगते.

संगमेश्वर तालुक्यात आमच्या घराण्याचा डोंगर आहे. वरच्या बाजूला दाट रान, ऐन, किंजळ, बेहडा, जांभूळ, मधे पऱ्ह्या. कोकणातली बहुतेक जंगलं अशीच खाजगी आहेत, हे कोकणाबाहेरच्यांना माहीत नसतं. आमच्या सातबारावर नावं इतकी आहेत की वाचता वाचता दमायला होतं. निम्मी माणसं मुंबईला, काही पुण्याला, एक कॅनडात. दर दहा-बारा वर्षांनी कुणाच्या तरी घरात लग्न निघतं, आजारपण येतं, घराची कौलं बदलायची होतात. मग जळाऊ लाकडाचा ठेकेदार येतो. झाडतोडीचा १९६४ चा कायदा आहे, परवानगी लागते, तीही तो काढतो. उभा डोंगर घेतो आणि वाटणी केल्यावर एकेका घराच्या हाती येतं ते किराणा भरायला पुरेल इतकं. माझ्या चुलत्यांनी अशी तोड दिली तेव्हा मी कॉलेजात होते. मी त्यांना दोष दिला नाही आणि आजही देत नाही. त्यांना उभ्या झाडाचे पैसे देणारं कुणी नव्हतं.

त्या डोंगरावरच्या एका जुन्या बेहड्यात धनेशाची ढोली होती. बेहडा म्हणजे टर्मिनॅलिया बेलिरिका. लापांना पोसणाऱ्या बदामाचा सख्खा भाऊ. ओसाच्या किनाऱ्यावर त्या झाडाखाली उभी होते तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे हाच बेहडा होता.

संगमेश्वर-देवरुखच्या बाजूला पुण्याची अप्लाइड एन्व्हायर्न्मेंटल रिसर्च फाउंडेशन ही संस्था काम करते. गावकऱ्यांशी, जमीनमालकांशी करार करून त्यांचं खाजगी जंगल काही वर्षं न तोडण्याबद्दल मोबदला द्यायचा, असं ते काम. सह्याद्रीत बेहड्याची फळं झाडाला धक्का न लावता गोळा करून विकण्याचाही त्यांचा उपक्रम आहे, म्हणजे धनेशाचं घरही राहतं आणि गोळा करणाऱ्याच्या हाती पैसेही येतात. वेळासला चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने कासवांची अंडी राखायला सुरुवात केली आणि पुढे कासव महोत्सव सुरू झाला. पाहुणे गावकऱ्यांच्याच घरी राहतात, त्यांच्या हातची भाकरी आणि माशाचं कालवण खातात. लापा रिओसची रात्र आणि वेळासची रात्र यांच्या भावात जमीन-अस्मानाचं अंतर आहे. पण दोन्हीकडे अंडं खाण्यापेक्षा किंवा झाड विकण्यापेक्षा ते राखण्यात घराला जास्त मिळतं. मला विचाराल तर वेळासची पद्धत अधिक चांगली, कारण तिथे पैसा मधे कुठे न थांबता थेट चुलीपाशी जातो. लापा रिओसकडून शिकायचं ते दुसरं, आणि ते मी शेवटच्या संध्याकाळी विचारून घेतलं.

लॉज उद्या विकलं गेलं तर? नवा मालक जंगल तोडून शंभर खोल्या बांधेल? मी हा प्रश्न व्यवस्थापक बाईंना विचारला. त्या म्हणाल्या, तसं करता येणार नाही. २०१३ मध्ये लुईस दांपत्याने द नेचर कॉन्झर्व्हन्सी आणि कोस्टा रिकातली सेदारेना या संस्थांबरोबर एक कायदेशीर करार नोंदवला. त्यानुसार या जमिनीवरचं जंगल कायमचं राखीव आहे. मालक कुणीही होवो, बंधन जमिनीबरोबर जातं. लुईस यांनी आपल्या मालकीतला जंगल तोडण्याचा हक्क स्वतःहून सोडून दिला, आणि आपल्यानंतरच्या सगळ्यांचाही. जमीन मात्र तेव्हा त्यांचीच राहिली, धंदाही चालू राहिला.

मी त्यांना म्हटलं, मला हे सगळं नीट लिहून घ्यायचं आहे. पावसाची सर जोरात आली होती, समोरचं आखात दिसेनासं झालं होतं. त्यांनी खुर्ची जवळ ओढली आणि मुद्दे एकेक करून सांगितले: हद्द कशी मोजली, दरवर्षी कोण येऊन तपासतं, मोडलं तर काय होतं, वारसांचं काय. बहीण शेजारी बसून ऐकत होती. मधेच तिने मराठीत विचारलं, “ताई, आपल्या डोंगराचा सातबारा आता कुणाकडे असतो?” मी म्हटलं, दादाकडे, देवघरातल्या पेटीत.

आपल्या कायद्यात याला नेमकं कसं बसवायचं ते वकिलाला विचारावं लागेल, आणि सातबारावरच्या प्रत्येकाची सही लागेल हे तर उघड आहे. काहींना पैसे हवे असतील, आणि त्यांचं चुकीचं नाही. त्यांच्यासाठी करारातली रक्कम किती बसते त्याचा हिशेब मी पुण्याच्या त्या संस्थेच्या लोकांकडून करून घेते आहे. ठेकेदाराने मागच्या खेपेला काय दिलं होतं तो आकडा दादाच्या वहीत आहे, तो शेजारी मांडायचा. घराण्यातली सगळी माणसं वर्षातून एकदाच एका छपराखाली असतात ती गणपतीत. कॅनडाचा पुतण्याही या वर्षी येतोय. दुसऱ्या दिवशीची दुपारची आरती झाली, जेवणं उरकली आणि माणसं ओटीवर पान जमवायला बसली की विषय मी काढणार आहे. बहिणीने ह्यूस्टनहून तिकीट काढलं आहे. बेहड्याचा फोटो मोठा करून आणायचं काम तिच्याकडे आहे.